तीन फेज आणि एक कारकून

आमच्या डोक्यावर वीज राहते. दचकू नका. आम्ही सांगलीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि तिसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या बैठकीच्या खोलीवर, इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवणारे एक लेक्चरर राहतात, एवढाच त्याचा अर्थ. हल्ली लेक्चररला असिस्टंट प्रोफेसर म्हणतात, तसेच आम्हा बँकेतल्या कारकुनांनाही एक लांबलचक इंग्रजी नाव मिळाले आहे. पण आपण मूळचे कोण, हे महिनाअखेरीला दोघांनाही बरोबर आठवते. अख्खी इमारत त्यांना 'सर' म्हणते.

घरात डॉक्टर असला की सगळ्या गल्लीचे पोट दुखते, तसे इमारतीत इलेक्ट्रिकलचा मास्तर असला की सगळ्या इमारतीचे दिवे जातात. सर राहायला आले त्याच आठवड्यात रात्री नऊला अंधार झाला. चाळीस माणसे जिन्यात जमली आणि वर बघू लागली. सर टॉर्च घेऊन उतरले, मीटरच्या खोलीपुढे पाच मिनिटे उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे दोनशे तीस व्होल्ट यायला हवेत, ते येत नाहीयेत." हे आम्हालाही तत्त्वतः मान्य होते. शेवटी कोपऱ्यावरचा वायरमन पोरगा आला. त्याने एक खटका वर केला आणि शंभर रुपये घेऊन गेला. "सर, मग तुम्ही नेमकं शिकवता तरी काय?" सोसायटीच्या चेअरमननी विचारले. सर गरीब माणूस. ते हसले आणि म्हणाले, "तो खटका खाली का पडला, ते."

सर काय काय शिकवतात, हे मला पुढे तपशीलवार कळले. पहिल्या वर्षाला 'बेसिक इलेक्ट्रिकल'. हा विषय सगळ्या शाखांच्या पोरांना असतो, त्यामुळे सगळ्या शाखांची पोरे सरांना ओळखतात आणि सगळ्याच शाखांची पोरे मागच्या बाकावर बसतात. दुसऱ्या वर्षाला 'नेटवर्क थिअरी' आणि 'मशीन्स'. तिसऱ्या वर्षाला 'कंट्रोल सिस्टीम्स'. शिवाय 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड्स' नावाचा एक विषय आहे. तो दिसत नाही, धरता येत नाही, सर्वत्र भरून राहिलेला असतो आणि परीक्षेत मात्र प्रत्यक्ष दर्शन देतो. आमच्याकडे अशा गोष्टीला वेगळे नाव आहे, पण सरांनी ते फळ्यावर लिहिले नाही.

आता विजेशी माझे काय नाते, हे सांगायला हवे. ते थोडे नाजूक आहे.

आमचे वडील, आबा, यांचे तासगावात मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. तासगाव म्हणजे द्राक्षांचे गाव. द्राक्ष म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पंप, आणि पंप म्हणजे जळालेली मोटर. ज्या जिल्ह्यात १९१० सालापासून किर्लोस्करवाडी उभी आहे, तिथे पंप हा घरातलाच माणूस. तो आजारी पडला की बैलगाडीत, पुढे टेंपोत घालून आबांकडे यायचा. आबा सातवी पास. १९७१ ते २०१५ अशी चव्वेचाळीस वर्षे त्यांनी त्या दुकानात मांडी घालून तांब्याच्या तारेच्या कॉइली भरल्या. वार्निशचा वास आमच्या घरात इतका मुरला होता की, शिऱ्यालाही तो यायचा.

दुकानाची पाटी रंगवून घेताना आबांनी पेंटरला शेवटी चार बोटे जागा मोकळी सोडायला सांगितली होती. का, ते त्यांनी कुणालाच सांगितले नाही. पण तासगावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होते की तिथे 'आणि सन्स' बसणार. सन्स म्हणजे मी एकटाच, पण पाटीवर अनेकवचन बरे दिसते.

१९९४ साली मी दहावी झालो. आबांनी मला अकरावी सायन्सला घातले. पोरगा इलेक्ट्रिकल इंजिनियर होणार, असे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला, त्याने विचारलेले नसताना, ते सांगत. मी सायन्सला बरोबर दोन महिने टिकलो. फिजिक्सच्या मास्तरांनी एका चाचणीत मला वीसपैकी दोन मार्क दिले. त्यातला एक नाव-तारीख नीट लिहिल्याबद्दल असावा. मी कुणाला न विचारता कॉमर्सला बदली करून घेतली आणि मगच घरी सांगितले. आबा मोटरीच्या स्लॉटमध्ये बांबूची कामटी सारत होते. त्यांनी वर बघितले नाही. "बरं," म्हणाले आणि कामटी सारून पूर्ण केली.

त्या 'बरं'वर मी तीस वर्षे व्याज भरतो आहे. मुद्दल तसेच.

पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, संसार झाला. आबांचे डोळे अधू झाले तसे दुकान बंद केले आणि त्यांना सांगलीला आणले. पाटी माळ्यावर ठेवली. चार बोटे जागा मोकळीच होती. आणि नियतीला विनोदाची आवड असल्यामुळे आमच्या कन्येला इलेक्ट्रिकललाच प्रवेश मिळाला. मिळाला म्हणजे, कॉम्प्युटरला मार्क कमी पडले आणि हेच उरले होते. मैत्रिणी कॉम्प्युटरला, ही 'मशीन्स'ला. ती कॉलेजात जाताना तोंड असे करायची की जणू तिलाच कुणीतरी रिवाइंडिंगला टाकले आहे. दुसऱ्या वर्षाला तिला दोन केट्या लागल्या. एक मॅथ्सची आणि एक मशीन्सची.

"वर वीज राहते आणि आपल्या घरात अंधार!" असे म्हणून सौ.ने वाटीभर बेसनलाडू घेऊन मला आणि कन्येला वर पिटाळले. सरांनी शिकवणीचे पैसे घ्यायला साफ नकार दिला, लाडू मात्र घेतले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "तुम्हीही बसा की. समोर कॉमर्सचा माणूस असला की आपलं बोलणं कुठं अडतं ते मला कळतं. वर्गातली मुलं समजल्यासारखी मान हलवतात हो." न समजणे हीच माझी पात्रता ठरवून मिळालेला आयुष्यातला हा पहिला प्रवेश. मी बसलो.

पहिल्याच दिवशी चमत्कार झाला. सर म्हणाले, "किरचॉफचा नियम. तारांच्या कुठल्याही जोडावर जितका प्रवाह आत येतो, तितकाच बाहेर जातो. मध्ये काही शिल्लक राहत नाही."

"म्हणजे कॅश टॅली!" मी ओरडलो.

मी खरोखर थक्क झालो होतो. संध्याकाळी बँकेत आम्ही दुसरे काय करतो? आले किती, गेले किती, फरक शून्य. पॅचिओली नावाच्या इटालियन साधूने दुहेरी नोंदीचा जमाखर्च १४९४ साली पुस्तकात छापला. किरचॉफने आपले नियम मांडले १८४५ साली, एकवीस वर्षांचा विद्यार्थी असताना. म्हणजे आम्ही कॉमर्सवाले साडेतीनशे वर्षे पुढे. एवढेच की, आमच्याकडे फरक आला तर कॅशियरच्या खिशातून जातो आणि तारांकडे तो येतच नाही. मी हे सांगितल्यावर कन्येने कपाळाला हात लावला, पण सरांनी ते वहीत टिपून घेतले.

दुसऱ्या आठवड्यात पॉवर फॅक्टर. लाइनीतून येणारी सगळीच शक्ती काम करत नाही, थोडी नुसती येते आणि परत जाते, असे सर म्हणाले. मला लगेच पासबुक भरायला आलेली गर्दी दिसली. मशीन बंद असते. माणसे येतात, बघतात, परत जातात. बँक भरलेली, धंदा शून्य. हजेरी किती हे किलोव्होल्ट-अँपियरमध्ये मोजायचे आणि काम किती हे किलोवॅटमध्ये. कामाला हजेरीने भागले की पॉवर फॅक्टर. (आमच्या शाखेचा मी काढून पाहिला आहे, इथे देत नाही.) "पण ती येणारी-जाणारी शक्ती अगदी फुकट नाही हं," सर म्हणाले. "मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र तिच्यावरच उभं राहतं. तिला लांबून आणायची नाही इतकंच. जवळ एक कपॅसिटर बसवायचा, म्हणजे तिची ये-जा तिथल्या तिथे होते आणि लाइन मोकळी राहते." म्हणजे दारातच एक शिपाई बसवायचा. हे आमच्या मॅनेजरना सुचायला हवे होते.

मग एकदा 'कंट्रोल'ची गोष्ट निघाली. तिथे निगेटिव्ह फीडबॅक चांगला आणि पॉझिटिव्ह वाईट. आउटपुट भलतीकडे जायला लागले की त्यातला थोडा भाग उलटा करून परत इनपुटला जोडायचा, की गाडी ताळ्यावर येते. पॉझिटिव्ह म्हणजे गणपती मंडळातला माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी किंकाळी फुटते ती. मी खाली येऊन सौ.ला सांगितले की, आपला संसार इतकी वर्षे स्थिर आहे तो तुझ्या निगेटिव्ह फीडबॅकमुळे. त्यावर तिने जो फीडबॅक दिला, त्याने सिद्धांत पूर्णपणे शाबीत झाला.

आणि मग आला तो रविवार. विषय होता तीन फेजची इंडक्शन मोटर.

सरांनी कागदावर दोन वर्तुळे काढली. बाहेरचे स्थिर, ते स्टेटर. आतले फिरणारे, तो रोटर. बाहेरच्या कॉइलींत तीन फेजची वीज सोडली की आत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरायला लागते. चार पोलांची मोटर आणि आपली पन्नास हर्ट्झची वीज असेल तर मिनिटाला दीड हजार फेरे. रोटर त्या क्षेत्रामागे धावतो. पण मोटरीवरच्या पत्र्यावर लिहिलेले असते १४४०.

"उरलेले साठ कुठं गेले?" सरांनी कन्येला विचारले.

"स्लिप. साठ भागिले पंधराशे, चार टक्के," ती पाठ केलेले बोलली.

"आकडा बरोबर. पण स्लिप का असते?"

कन्या गप्प. मी तर अधिकृतपणेच गप्प.

"समजा रोटरने क्षेत्राला गाठलं," सर सांगू लागले, "दोघं बरोबरीनं फिरायला लागले. मग रोटरच्या दृष्टीनं क्षेत्र जागचं हललंच नाही. म्हणजे रोटरमध्ये प्रवाह नाही, प्रवाह नाही म्हणजे जोर नाही. जी मोटर गाठते ती ओढू शकत नाही. ती थोडी मागं राहते म्हणून तर काम करते. आणि लोड वाढला की आणखी थोडी मागं पडते, त्यामुळं रोटरमधला प्रवाह वाढतो आणि मग जोर वाढतो."

"लोड आला की मोटर जराशी मान खाली घालती, अन् मग खांदा देती," मी म्हणालो.

म्हणालो म्हणजे, तोंडातून गेले. हे वाक्य माझे नव्हते. लहानपणी दुकानात मी ते शंभरदा ऐकले होते. भरलेली मोटर जोडून बघताना आबा तिच्या पाठीवर पालथा हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि शेतकऱ्याला हे सांगायचे. मला ते अडाणीपणाचे वाटायचे. मोटरीला कुठे मान आणि कुठे खांदा? ते काय बैल आहे?

सरांनी पेन खाली ठेवले. "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. "आणि पुढं असंही म्हणायचे, की लई वाकली तर मात्र बसलीच."

"ब्रेकडाउन टॉर्क!" सर जवळजवळ ओरडले. त्यांनी एक वक्र रेषा काढली. वर चढत गेलेली, माथ्यावर पोचलेली आणि मग धाडकन घसरलेली. "अहो, हा अख्खा ग्राफ आहे त्या दोन वाक्यांत. कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"आमच्या आबांनी. खाली गॅलरीत बसलेले असतात ते."

सर तसेच लेंग्यावर खाली आले. गेली तीन वर्षे ते आबांना 'काय आजोबा, बरं आहे ना' एवढेच म्हणत होते. त्या दिवशी ते गॅलरीत जमिनीवर बसले आणि दीड तास उठले नाहीत. माझ्या कानावर येणारे शब्द असे: गेज, टर्न, लेदराईड पेपर, वार्निश. सौ.ने दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा तिने मला विचारले, "नेमका मास्तर कोण आहे यांच्यात?"

पुढच्या आठवड्यात सर रिक्षा घेऊनच आले. लॅबमधली एक मोटर जळाली होती. आबांना न्यायचे होते. आबांनी ठेवणीतली टोपी काढली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिले 'वडिलांना दाखवायचे आहे'. ते खोटे नव्हते.

लॅबमध्ये तीसेक पोरे होती. मोटर उघडून टेबलावर ठेवली होती. आबांनी ती आधी हुंगली. डॉक्टर नाडी बघतात तशी. मग कॉइलींवरून बोटे फिरवली, कारण डोळ्यांचा भरवसा नाही.

"एक फेज गेलता हिचा," आबा म्हणाले. "दोनावरच चालवली कुणीतरी."

लॅब असिस्टंट खिडकीबाहेर बघू लागला.

"कशावरून, आबा?" सरांनी विचारले. पोरांसाठी विचारले, त्यांना ठाऊक होते.

"ह्या बघा की. ह्या दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर, अन् तिसरीच्या कशा लख्ख हायत. एकाचं काम दोघांच्या गळ्यात पडलं, दोघं जळाले. तिसरा बसला निवांत." मग जरा थांबून म्हणाले, "घरात बी असंच असतंय."

पोरे हसली, आणि खिशातले मोबाइल बाहेर आले. पण खेळायला नव्हे, फोटो काढायला. मग आबांनी खाली बसून एक कॉइल भरून दाखवली. वाकलेली पाठ, अधू डोळे, पण बोटे अशी चालत होती की जणू दुकान बंद झालेच नव्हते. तार स्लॉटमध्ये बसवताना ओढायची नाही, नुसती सारायची. इनॅमल खरवडले की मोटर वर्षभरात परत येणार. "परत आली की पैसं मिळत्यात," आबा म्हणाले, "पण शेतकऱ्याचं पाणी जातंय. म्हणून सारायची." सर पहिल्या बाकावर, पोरांच्या मध्ये बसून टिपणे काढत होते. शेवटी त्यांनी सांगितले, "प्रेरित विजेचा शोध १८३१ साली ज्यानं लावला तो फॅरेडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करून वर आला होता. त्याचं गणित कच्चं होतं. हात पक्का होता." मग माझ्या कन्येला म्हणाले, "ये, पुढची कॉइल तू भर."

ती भरताना मी बघितले. आबा काही बोलत नव्हते, फक्त तिच्या मनगटाला मधूनच बोट लावत होते. इतकी वर्षे जे मला शिकवायचे राहिले होते ते माझ्यावरून, लाइन बदलून, पुढे चालले होते. मी नुसता मध्ये उभा होतो. जोडासारखा. आले तितके गेले.

कॉलेजात पाहुण्या व्याख्यात्याला मानधन मिळते. त्याचा छापील फॉर्म असतो. त्यात 'शैक्षणिक अर्हता' असा रकाना असतो. सरांनी लिहिले, 'चव्वेचाळीस वर्षे'. ऑफिसने फॉर्म परत पाठवला, शेरा: 'अर्हता स्पष्ट नाही'. मी कारकून आहे, त्यांना दोष देणार नाही. मीही परत पाठवला असता. सरांनी स्वतःच्या खिशातून शाल आणि नारळ दिला.

परत येताना रिक्षात आबा बराच वेळ गप्प होते. मीही. काहीतरी बोलायला पाहिजे असे तीस वर्षे वाटत होते, ते त्या खडखडाटात म्हणालो, "आबा, मी तेव्हा सायन्स सोडलं..."

"बरं केलंस," आबा म्हणाले.

मी बघतच राहिलो.

"आरं, तुझ्या हातात कामटी दिली की तू बोट कापून घ्यायचास. दर खेपेला. मला तवाच कळलं हुतं, ह्याच्यानं व्हायचं न्हाई. पर तुला कसं सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं. तू आपला आपण सोडलंस, सुटलो मी."

म्हणजे ज्या कर्जाचे हप्ते मी तीस वर्षे फेडत होतो, ते सावकाराने पहिल्याच दिवशी माफ केले होते. फक्त तशी पावती दिली नव्हती. बँकेत असे झाले असते तर मी तक्रार केली असती. रिक्षात मी नुसता हसलो, आणि डोळ्यांत धूळ गेली असे म्हणायची सोय होती म्हणून बरे.

कन्येची मशीन्सची केटी सुटली. मार्क फार नाहीत, चोपन्न. पण स्लिपच्या प्रश्नाला दहापैकी नऊ मिळाले असणार, असे तिचे म्हणणे आहे. कॉलेजात जाताना ती हल्ली तोंड वाकडे करत नाही. मैत्रिणी पुढे गेल्या त्याचे काय, असे मी एकदा चाचपून विचारले, तर म्हणाली, "बाबा, चार टक्के मागे चालतं."

परवा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून पाटी निघाली. कन्येने ती पुसली आणि ती शेवटची मोकळी चार बोटे पट्टीने मोजू लागली.

"आबा," तिने गॅलरीकडे हाक मारली, "इथं 'आणि नात' एवढं बसेल का हो?"

आबांनी मान वर केली नाही.

"बसंल की," म्हणाले. "पर आधी ती मॅथ्सची दुसरी केटी सोडव."